मारुतीची नाडी

खोली भाड्यानं घ्यायला आलेला माणूस खोली पाहतच नव्हता. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल ओसरीवर ताटकळला होता. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, किल्ली हातात घेऊन उभे होते. आणि हे गृहस्थ आमच्या दाराच्या चौकटीखाली मान वर करून थांबले होते. चौकटीवर लाकडात कोरलेला एक गणपती होता. या घरात सून म्हणून येऊन मला वर्ष होत आलं होतं, तरी तो तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं. दर दिवाळीला चौकटीला तेलरंग लागायचा आणि गणपती थोडा थोडा आत जायचा.

"मालक, याचा डावा डोळा बुजला आहे," ते म्हणाले.

"खोलीले खिडकी हाये जी, हवा बी चांगली येते," मामाजी म्हणाले. "ते पाहून घ्या आधी."

"खिडकी काय, असेलच. पण हा डोळा कोणी बुजवला?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, जसा काही तो मीच बुजवला होता. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत गृहस्थ स्टुलावर चढून घासलेट लावलेल्या काडीनं गणपतीचा डोळा उघडत बसले. ट्रंक ओसरीवरच राहिली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हा माणूस टिकते का नाई टिकत, मले माईत नाई. पण आपल्या घराकडे आजलोक एवढं कोणी पाह्यलं नोतं." मास्तरांची खोली त्या एका वाक्यावर पक्की झाली.

ते सौंसरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला आले होते. नागपूरच्या महाल भागातले, काटकुळे, लग्न न केलेले. धोतर नेहमी एका बाजूनं लोंबत असायचं आणि खिशातला खडू सगळ्या कोटाला लागलेला असायचा. पण पाहणाऱ्याच्या लक्षात आधी यायचं ते नाक. लांब, सरळ निघालेलं नाक मध्येच मन बदलल्यासारखं डावीकडे वळायचं. ते जन्मापासून तसं नव्हतं. त्यांची पहिली नेमणूक पांढुर्ण्याला होती. तिथल्या बाजारातून एका देवळाच्या शिखराकडे पाहत चालताना उभ्या बैलगाडीच्या जुवावर ते धाडकन आपटले होते. गाडीवाला घाबरून पाणी घेऊन धावला, तर हे रक्त पुसत त्यालाच विचारत होते, "वरती तो माकडाच्या शेजारी बसला आहे, तो कोण हो?"

स्वातंत्र्य तेव्हा नवं होतं. शाळेच्या मोठ्या खोलीत पूर्वी बादशहाची तसबीर टांगलेली असायची. ती काढली, पण भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन तसाच राहिला. हेडमास्तरांना तो चौकोन खुपायचा. त्यांनी मास्तरांना भारतमातेचं चित्र काढायला सांगितलं. मास्तर म्हणाले, "मला समोर काही ठेवून काढता येतं. मनानं काढायला नका सांगू." हेडमास्तर म्हणाले, भारतमातेला आता समोर कुठून बसवू?

सव्वीस जानेवारीला पडदा सरकवला, तेव्हा आम्ही घरची मंडळीसुद्धा गेलो होतो. भारतमाता मोठी देखणी झाली होती. नऊवारी नेसलेली, हातात झेंडा, मागे संत्र्याची झाडं. फक्त तिचं नाक मध्येच डावीकडे वळलं होतं. हेडमास्तर हळूच म्हणाले, "मास्तर, हे काय केलं?" मास्तर स्वतःच चकित होऊन पाहत होते. "मी तर सरळच काढलं होतं जी," ते म्हणाले.

त्यांचं हे कायमचं होतं. समोर घागर ठेवा, घागरच यायची. समोर माणूस बसवा, तोच माणूस कागदावर उतरायचा. पण मनानं चेहरा काढायला गेले की सरस्वती असो, शिवाजी असो, नाक त्यांचंच. रंगाचा खर्च झाला होता म्हणून भारतमाता तशीच राहिली, आणि आमच्या गावच्या पोरांनी कित्येक वर्षं वाकड्या नाकाच्या भारतमातेला सलाम ठोकला. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी मास्तर देव पाहायला निघायचे. 'देवाला जायचे' असं मी मुद्दामच म्हणत नाही, कारण त्यांनी कुठे हात जोडलेले मला आठवत नाहीत. गल्लीतल्या ओट्यावरचा म्हसोबा, विहिरीच्या कडेची आसरा, कुणाच्या दारावरचे जुने मोर, मोहर्रमच्या ताबुतावरची कागदी जाळी, सगळं त्यांना सारखंच. लोधीखेड्याला कोष्ट्यांच्या गल्लीत एका मागाच्या वरती गेरूनं काढलेली देवी होती. घरची बाई दर नवरात्रात जुन्या देवीवरच नवी देवी काढायची. मास्तरांनी ती शोधून काढली आणि घरी येऊन जेवताना असं वर्णन केलं की मामाजी हातातला घास धरून बसले. त्या बाईला मात्र त्यांनी इतके प्रश्न विचारले होते की तिनं शेवटी दार लावून घेतलं होतं.

माझी दारातली रांगोळी ते कधी ओलांडायचे नाहीत. गोठ्यातून वळसा घालून, शेणात पाय भरवून शाळेत जायचे. मी म्हटलं, "मास्तर, बाजूनं जा ना, जागा सोडली हाये." तर म्हणाले, "वहिनी, कडेची वेल कालच्यापेक्षा आज मोकळी आली आहे. तिच्यावरून कसा जाऊ?" घरात माझी रांगोळी आजवर कुणी पाहिली नव्हती, आमच्या ह्यांनी तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून मी वेल जास्त लक्ष देऊन काढायला लागले, हे खरं आहे.

आत्याबाईंचं आणि त्यांचं देवावरून रोज वाजायचं. मास्तर म्हणायचे, "काकू, हात जोडले की तुम्ही डोळे मिटता. मग देवाला पाहणार कोण?"

आत्याबाई म्हणायच्या, "आन डोये उघडे ठेवले तं मांगणार कोण?"

"मागायचं काय सारखं?"

"तुमाले लेकरं नाईत मास्तर, म्हून इचारून राहिले."

तरी दोघांचं बरं जमायचं. एकदा मामाजींचं छिंदवाड्याला कचेरीत काम निघालं, तेव्हा आत्याबाई आणि मीही बसनं गेलो. मास्तर बरोबर होतेच. नाताळ जवळ आला होता. मामाजी कचेरीत अडकले आणि मास्तरांनी आम्हाला एका चर्चमध्ये नेलं. आम्ही दोघी जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये पाऊल ठेवत होतो. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि माझा हात धरला. आत कोपऱ्यात गवत पसरून एक छोटा गोठा मांडला होता. मातीची बाई, मातीचा बुवा, गव्हाणीत उघडं बाळ आणि बाजूला दोन बैल.

मास्तर गुडघ्यांवर बसले ते ओरडलेच. "काकू, बैल पाहा! शिंगाला बेगड, पाठीवर झूल! हा पोळ्याचा बैल आहे. इथल्याच कुंभारानं केला आहे हा!" तिथले पाद्रीबाबा लगबगीनं आले. वयस्कर होते, मराठी सावकाश पण नीट बोलायचे. ते म्हणाले, हो, मूर्ती कुंभाराकडूनच करून घेतल्या, आणि त्याला बैल एकाच तऱ्हेचे येतात.

आत्याबाईंचं बैलांकडे लक्ष नव्हतं. त्या बाळाकडे पाहत होत्या. "हे बाई कधीची बाळंतीण होय?" त्यांनी विचारलं. पाद्रीबाबांनी सांगितलं, बाळ गोठ्यात जन्मलं, आईला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही. आत्याबाईंचा चेहरा पार उतरला. "मायबाई! आन दारातून हा वारा येऊन राहिला," असं म्हणून त्यांनी अंगावरची शाल काढली, चौपदरी घडी केली आणि बाळावर घातली. बाळ, गव्हाण, एक बैल, सगळं शालीखाली गेलं. मी लाजेनं अर्धी झाले. पाद्रीबाबा क्षणभर गोंधळले, मग त्यांनी शाल थोडी मागे सारून बाळाचं तोंड तेवढं उघडं केलं आणि म्हणाले, "आता ठीक आहे."

पुढच्या वर्षी नाताळच्या आधी आत्याबाईंनी डिंकाचे लाडू केले आणि छिंदवाड्याला जाणाऱ्या माणसाबरोबर डबा पाठवला. बाळंतिणीला डिंक लागतोच. डबा धुऊन परत आला आणि पाद्रीबाबांचा निरोपही आला, लाडू पोचले, आई-बाळ दोन्ही सुखरूप आहेत. मास्तर तो निरोप वर्षभर सगळ्यांना सांगत होते.

पण मास्तरांचा खरा जीव अडकला होता तो आमच्या वेशीवरच्या मारुतीत.

हा मारुती म्हणजे पुरुषभर उंचीचा शेंदराचा ढीग. वरती चेहरा, बाकी सगळं गोल. दर शनिवारी तेल आणि शेंदूर चढायचा, आणि तो शेंदूर आमच्याच दुकानातून जायचा. असा थरावर थर चढत शेंदराची जाड खोळ तयार होते. कधीतरी पिढ्या-दोन पिढ्यांनी ती आपली आपण सुटून पडते. मग खोळ नदीत सोडायची आणि देवाला पुन्हा पहिल्यापासून शेंदूर लावायचा, अशी रीत. गावात कुणी खोळ पडलेली पाहिली नव्हती. गुरवाच्या आजोबांनी म्हणे पाहिली होती.

मास्तरांनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की हा मारुती नाहीच. डोक्यावर उंचवटा आहे, तो मुकुट. उजव्या खांद्याशी वाटोळी कडी दिसते, ते चक्र. डाव्या खांद्याशी फुगवटा आहे, तो शंख. आत चार हातांचा विष्णू उभा आहे, खूप जुना, आणि आपल्या लोकांनी शेंदूर चोपडून चोपडून त्याचा मारुती केला. फळ्यावर त्यांनी तो विष्णू काढूनही दाखवला होता, अर्थात नाक डावीकडे वळलेला.

गाव त्यांच्यावर रागावलं नाही. गावाला करमणूक झाली. काही लोक मारुतीच्या बाजूचे, काही विष्णूच्या. मामाजींची चिंता वेगळीच होती. "विष्णू निंघाला तं शेंदूर बंद होईन का जी?" ते विचारायचे.

नागपूरचे मास्तरांचे एक विद्वान मित्र आले, त्यांनी सुचवलं की छिन्नीनं कोपरा उडवून पाहावा. मास्तर त्यांच्यावर असे खवळले की मित्र पुढच्याच बसनं परत गेले. "उकरायचं नाही," मास्तर म्हणायचे. "त्याला वाटेल तेव्हा तो पडेल. आपण हजर राहायचं." आणि ते हजर राहायचे. रोज शाळेतून येताना देवळात शिरायचे, मारुतीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "आज कमरेपाशी पोकळ वाजून राहिलं." गुरव म्हणायचा, "झाली का नाडी पाहून?" पुढे सगळं गावच विचारायला लागलं, "मास्तर, नाडी कशी हाये आज?"

आम्हा बायकांना मारुतीच्या जवळ जायचं नसे. आम्ही पायरीवरून हात जोडायचो. मी पायरीवरून पुष्कळदा निरखून पाहिलं. मला विष्णू कधी दिसला नाही, पण मास्तरांसमोर मी तसं म्हटलं नाही.

मग राज्यांची वाटणी सुरू झाली. ओट्या-ओट्यावर एकच बोलणं, आपण मराठी माणसं, आपण कुठे जाणार? आमचे हे तावातावानं सभांना जायचे आणि घसा बसवून यायचे. शेवटी नागपूर मराठी मुलखाबरोबर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे हिंदी राज्यातच राहिलो. माझं माहेर रामाकोन्याचं, तेही इकडेच. पण माझ्या दोन्ही बहिणी नागपूरकडे दिलेल्या, त्या एका दिवसात दुसऱ्या राज्यातल्या झाल्या. मला त्या दिवशी फार रडू आलं. बस तीच होती, तिकीट तेच होतं, तरी आलं.

नोकरीतल्या माणसांना विचारण्यात आलं, इकडे राहता की तिकडे जाता? तिकडचे मास्तर, कारकून भराभर निघाले. आमचे मास्तर तर अस्सल नागपूरचे. त्यांची मोठी विधवा बहीण महालातल्या घरात एकटी राहायची. ती स्वतः त्यांना न्यायला आली. ठेंगणी, तिखट बाई. आमच्या ओसरीवर बसून सगळ्यांसमोर बोलली.

"तिथे मोठी शाळा आहे, घर आहे, मी आहे. इथे काय आहे तुझं?"

मास्तर खाली पाहत होते. "ताई, तो आता कधीही पडेल. मानेपर्यंत पोकळ झाला आहे."

"कोण पडेल?"

मामाजी म्हणाले, "मारुतीची खोळ जी."

ताईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हातारी होऊन राहिली आणि हा एका दगडासाठी थांबून राहिला!"

"दगडासाठी नाही," मास्तर हळूच म्हणाले. "आतल्या मूर्तीसाठी. मी गेलो आणि मागून ती निघाली, तर इथे तिला पाहणार कोण? हे लोक दुसऱ्याच दिवशी शेंदूर फासतील."

ताई दुसऱ्या दिवशी एकट्याच बसमध्ये चढल्या. मास्तरांनी खिडकीपाशी उभं राहून त्यांच्या हातात आमच्या बागेतल्या संत्र्यांची पिशवी दिली. ताईंनी ती घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मास्तरांनी सौंसरलाच राहतो असं लिहून दिलं. आत्याबाई त्यांना आठवडाभर टाकून बोलत होत्या. "असल्या नसल्या देवापायी सख्ख्या बहिणीले सोडलं," म्हणायच्या. मास्तर मुकाट्यानं जेवायचे आणि नाडी पाहायला जायचे. तेव्हापासून मी पायरीवरून रोज एकच मागायला लागले, बाबा मारुती, तू कोणी का असेनास, पण आत विष्णू असू दे.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गुरवाचा आवाज वेशीपासून बाजारापर्यंत आला. "देवानं खोळ टाकली! खोळ टाकली हो!"

आमच्याकडे जेवणं चालली होती. मास्तर हात न धुता उठले आणि एकाच पायात चप्पल घालून पळाले. त्यांच्यामागे आमचे हे, त्यांच्यामागे मामाजी, मग आत्याबाई आणि मी. आम्ही पोचलो तोवर देवळापुढे अर्धा गाव जमला होता. बायकांसाठी पायरीशी वाट झाली. खोळ दोन तुकडे होऊन जमिनीवर पडली होती. आणि जागेवर उभा होता एक काळा, गोल, गुळगुळीत दगड.

नाक नव्हतं, डोळे नव्हते, हात नव्हते, मुकुट नव्हता. छिन्नीची एक रेघसुद्धा नव्हती. असे दगड कन्हानच्या पात्रात कितीतरी पडलेले असतात.

मास्तर त्याच्याभोवती फिरले. दोन्ही हातांनी चाचपत फिरले, मग उलट्या बाजूनं फिरले. मग मागून एकजण म्हणाला, "काय जी मास्तर, विष्णू कोठी गेला?" आणि हसू फुटलं. मास्तर दगडावर हात ठेवून उभे होते, उष्टा हात, एका पायात चप्पल. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या हसणाऱ्याला मारलंच असतं. ज्या माणसानं याच्यासाठी नागपूर सोडलं, बहीण सोडली, त्याच्या वाट्याला हा दगड!

तेवढ्यात आत्याबाई पायरीवरून कडाडल्या. "हासता काय रे? देव उघडा पडला. आधी त्याले काई पांघरूण घाला!" हसणं थांबलं. गुरवानं खांद्यावरचं उपरणं काढून दगडाला गुंडाळलं.

मास्तर खाली बसले आणि खोळीचा तुकडा उचलू लागले, उजव्या खांद्याचा. चक्राचा. तो त्यांच्या हातातच फुटला आणि आतून काहीतरी निघून पायरीकडे घरंगळत आलं. मी उचललं. काळा पडलेला चांदीचा वाळा होता, तान्ह्या बाळाच्या पायातला.

आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि मटकन पायरीवरच बसल्या. "अवं, हा तं माह्या लेकराचा होय," त्या म्हणाल्या. "घटसर्प झाल्ता त्याले. वैद्यानं हात टेकले होते. म्या वाळा काढून गुरवाच्या बापाजवळ देल्ला, म्हटलं, मारुतीच्या खांद्याले लावून दे, वाचला तं तुयाच."

सगळा गाव आमच्या ह्यांच्याकडे वळून पाहायला लागला. ते तेव्हा चांगले मिशा राखलेले, दोन लेकरांचे बाप. कुठे पाहावं ते त्यांना कळेना. मास्तरांनी दुसरा तुकडा फोडला. शंखाच्या जागी अर्धी नारळाची कवटी निघाली. मुकुटात सुपाऱ्या निघाल्या आणि एक पितळी डोळा. कुणीतरी म्हणालं, ते बहुतेक माझ्या आजीचं असेल. दुसरं म्हणालं, नाही, आमच्या घरचं.

मास्तर त्या तुकड्याची फुटलेली कड उन्हात धरून पाहत होते. थर दिसत होते, काही जाड, काही कागदासारखे पातळ. "हे जाड कधीचं?" त्यांनी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "मानमोडीच्या साथीतलं असंन. तवा घरोघरचे लोक येऊन लावत होते म्हणते." मास्तरांनी तो तुकडा अलगद खाली ठेवला. मग आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, "काकू, मी उलट्या बाजूनं पाहून राहिलो होतो." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

खोळ नेण्यासाठी गाडी जुंपली, पण मास्तरांनी ती अंधार पडेपर्यंत थांबवून ठेवली. ते खोळीची चित्रं काढत होते. फुटकी कड काढली, आतली बाजू काढली, थर काढले, सुपारीच्या खळ्या काढल्या. मग खोळ कन्हानला गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आमच्या दुकानातून शेंदराचा अख्खा डबा गेला. शेंदूर लागला आणि मग सगळे थबकले. तोंडाचं काय? गुरव म्हणाला, "म्या कधी तोंड नाई केलं बाप्पा. ते तं होतंच." सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी एवढी चित्रं काढली होती, त्यात पाहून करता येईल.

मास्तरांनी कागद चाळले आणि त्यांचा चेहरा पडला. पाठ होती, कड होती, आतली बाजू होती. चेहरा काढायचा राहिला होता. इतकी वर्षं ते त्या चेहऱ्याच्या पलीकडेच पाहत आले होते.

"मनानं नका सांगू जी," ते गयावया करू लागले. "भारतमातेचं पाहिलं ना तुम्ही?"

"तुमी फकस्त सुरुवात करा," गुरव म्हणाला. "पुढं आमी हाओच ना, दर शनिवारी."

मास्तरांनी शेंदरात बोट बुडवलं. डोळे केले, तोंड केलं, मग अंगठ्यानं मध्ये एक रेघ उभी दाबली. आत्याबाईंनी पायरीवरून वाळा पाठवला, तो उजव्या खांद्याला पुन्हा बसवला. पुरुषमंडळी बाहेर आली ती ओठ दाबून. पायरीवरून मला नीट दिसलं नाही आणि मला कुणी सांगेना. मास्तर बाहेर आले, जमिनीकडे पाहत आत्याबाईंपाशी थांबले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना देवळाकडे वळून हात जोडताना पाहिलं. डोळे मात्र त्यांनी उघडेच ठेवले होते.

ते शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. त्या दिवाळीला ताईंनाही कळवलं. त्या आल्या, चार दिवस रागावल्या, आणि मग महालातलं घर भाड्यानं देऊन आमच्या मागच्या खोलीत राहायलाच आल्या. त्यांचं आणि आत्याबाईंचं लोणच्यावरून रोज भांडण व्हायचं. मास्तरांनी मधल्या मधे दोन्ही लोणची खाल्ली.

आता ती सगळीच माणसं गेली. दुकान नातू पाहतो. परवा नागपूरकडचा एक शिकलेला मुलगा गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. दिवसभर वेशीवर होता, मग पाणी प्यायला दुकानात आला. मी ओसरीवर बसले होते. मोठ्या उत्साहानं मला सांगू लागला.

"आजी, तुमचा तो मारुती खरं म्हणजे मारुती नाही. उजव्या खांद्याला चक्र आहे, स्पष्ट दिसतं. आत जुनी विष्णूची मूर्ती असणार. फक्त एक कोडं सुटत नाही. ते नाक असं डावीकडे वळलेलं, ते कुठल्या शैलीचं असेल?"

मला एकदम चौकटीखाली मान वर करून उभे असलेले मास्तर दिसले, मागे ट्रंक घेऊन ताटकळलेला हमाल दिसला, आणि हसूही आलं, रडूही आलं.

"बस बाबू, च्या पिऊन जा," मी म्हटलं. "चक्र माह्या नवऱ्याचं हाये. आन नाक आमच्या भाडेकरूचं."